युद्धाचे माहितीपट पारखून कसे पाहावेत

दूरचित्रवाणीवर युद्धाचा माहितीपट पाहताना आपल्यासमोर एकाच वेळी पाच निरनिराळ्या गोष्टी येत असतात: त्या काळी प्रत्यक्ष टिपलेली फिल्म, नंतर नटांकडून करवून घेतलेली दृश्ये, संगणकावर तयार केलेली चित्रे आणि नकाशे, साक्षीदारांच्या व अभ्यासकांच्या मुलाखती, आणि या सर्वांना एका सूत्रात ओवणारे निवेदन. या पाचही गोष्टींची विश्वासार्हता वेगवेगळी असते. तरीही संकलनात त्या इतक्या एकजीव केल्या जातात की तासाभराने उठताना आपण युद्धच पाहून आलो, असे प्रेक्षकाला वाटते. प्रत्यक्षात त्याने युद्धाविषयी कोणीतरी केलेली मांडणी पाहिलेली असते, आणि मांडणी तपासता येते. ती कशी तपासावी, हे इथे क्रमाने सांगितले आहे. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही; एक वही, चित्र थांबवण्याची सोय आणि थोडा धीर एवढे पुरते.

हा खटाटोप करण्याजोगा आहे का, याचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण माहितीपटांना मुळातच कमी लेखणारे वाचक पुष्कळ आहेत. माझे मत तसे नाही. उत्तम युद्धमाहितीपट एक काम असे करतो की जे ग्रंथाला साधत नाही: तो साक्षीदाराचा चेहरा दाखवतो. १९७३-७४ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसारित झालेल्या ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ या मालिकेत नाझींच्या एस.एस. दलाचा प्रमुख हिमलर याचा निकटचा सहकारी कार्ल वोल्फ याची मुलाखत आहे. मिन्स्कजवळ १९४१ साली हिमलरच्या डोळ्यांदेखत लोकांना ओळीने गोळ्या घातल्या गेल्या, तो प्रसंग वोल्फ तिथे स्वतःच्या तोंडाने सांगतो. ही घटना पुस्तकात वाचली तर माहिती मिळते. ती सांगणारा माणूस समोर बसलेला पाहिला की अशा राजवटीत सभ्य दिसणारी माणसे कशी वावरत होती, हेही कळू लागते. एवढे मोल असलेली गोष्ट निष्काळजीपणे पाहणे मला योग्य वाटत नाही.

पहिली पायरी: निर्मितीचे वर्ष आणि निर्माता पाहा

माहितीपट सुरू करण्यापूर्वी तो कोणत्या वर्षी तयार झाला, हे वहीत सर्वांत वर लिहावे. युद्ध कधी झाले याइतकेच हे वर्ष महत्त्वाचे असते, कारण त्यावरून दोन गोष्टी ठरतात: कोणते साक्षीदार तेव्हा हयात होते आणि कोणती कागदपत्रे तेव्हा कुलूपबंद होती.

‘द वर्ल्ड ॲट वॉर’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. थेम्स टेलिव्हिजनसाठी जेरेमी आयझॅक्स यांनी निर्माण केलेली ही २६ भागांची मालिका ऑक्टोबर १९७३ ते मे १९७४ या काळात दाखवली गेली. निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे होते आणि इतिहासविषयक प्रमुख सल्लागार लंडनमधील इम्पीरियल वॉर म्युझियमचे संचालक नोबल फ्रँकलंड होते. युद्ध संपून तीस वर्षेही झाली नव्हती. त्यामुळे ब्रिटनचे युद्धकालीन परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन, जर्मन नौदलप्रमुख कार्ल ड्योनिट्झ, हिटलरची चिटणीस ट्राउडल युंगे यांच्यापासून ते सामान्य सैनिक, खलाशी आणि गृहिणी यांच्यापर्यंत कितीतरी माणसे कॅमेऱ्यासमोर बसवता आली. आज कितीही पैसा ओतला तरी ती मालिका पुन्हा बनवता येणार नाही, कारण त्यातील जवळजवळ कोणीही आता उरलेले नाही.

पण त्याच वर्षामुळे तिच्यात एक मोठी पोकळीही राहिली. जर्मनांचे सांकेतिक संदेश ब्रिटिशांनी युद्धभर उकलले होते, ही गोष्ट सर्वसामान्यांसमोर १९७४ साली, म्हणजे मालिका संपल्यानंतर आली. अटलांटिकमधील पाणबुडीयुद्धावरचा तिचा भाग आज पाहिला तर रडार, विमाने, संरक्षक नौका आणि खलाशांचे धैर्य हे सारे दिसते, मात्र संदेशांची उकल कुठेच येत नाही. त्याचप्रमाणे रशियातील कातिनच्या जंगलात आणि इतरत्र १९४० साली झालेल्या सुमारे २२,००० पोलिश कैद्यांच्या हत्याकांडाची जबाबदारी सोव्हिएत सरकारने १९९० साली मान्य केली. त्याआधीच्या माहितीपटात या विषयावर संदिग्ध वाक्ये ऐकू आली तर नवल नाही. म्हणून एक सवय लावून घ्यावी: दुसऱ्या महायुद्धावरचा माहितीपट १९७४ च्या आधीचा आहे की नंतरचा, आणि १९९० च्या आधीचा आहे की नंतरचा, हे पाहूनच त्याच्या निष्कर्षांचे वजन ठरवावे.

आपल्याकडच्या युद्धांना हाच नियम लागू होतो. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल भारत सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, तर कारगिल आढावा समितीचा अहवाल २००० साली काही मजकूर वगळून संसदेसमोर ठेवला गेला. या युद्धांवरचा माहितीपट पाहताना निर्मात्याला कुठपर्यंत पोहोचता आले असेल, याची कल्पना त्यावरून येते.

श्रेयनामावलीत आणखी एक गोष्ट शोधावी: सहकार्य कोणाचे आहे? सैन्यदलाच्या सहकार्याने केलेल्या माहितीपटाला उंच ठाण्यांपर्यंत जाता येते, खरी शस्त्रे आणि खरे अधिकारी मिळतात, आणि ही सामग्री अमूल्य असते. मात्र अशा माहितीपटात दोषांची चर्चा क्वचितच मोकळेपणाने होते. कारगिलवरचा एखादा माहितीपट तोलोलिंग आणि टायगर हिलची चढाई तासभर दाखवतो. मे १९९९ पर्यंत घुसखोरी लक्षात का आली नाही, या प्रश्नाला त्याने किती मिनिटे दिली, हे घड्याळ लावून पाहावे. ज्यांनी ती शिखरे परत घेतली त्यांच्या पराक्रमाला या प्रश्नाने बाधा येत नाही. उलट त्यांना एवढी किंमत का मोजावी लागली, हे त्याशिवाय समजतच नाही.

दुसरी पायरी: आवाज बंद करून पंधरा मिनिटे पाहा

ही पायरी अनेकांना विचित्र वाटते, पण तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. पहिली पंधरा मिनिटे आवाज बंद करून पाहावीत आणि प्रत्येक दृश्याला वहीत एक खूण द्यावी: अस्सल फिल्म, नट, संगणक, नकाशा, मुलाखत. निवेदन आणि संगीत नसले की या थरांमधले सांधे स्पष्ट दिसतात. मग तोच तुकडा पडद्याकडे न पाहता नुसता ऐकावा. निवेदनातील किती विधानांना दृश्याचा खरा आधार होता आणि कितींना नुसते साजेसे चित्र जोडले होते, हे त्यातून कळते.

नटांकडून दृश्ये करवून घेण्याला माझा सरसकट विरोध नाही. कॅमेऱ्याचा शोध लागण्यापूर्वीच्या युद्धांवर माहितीपट करायचा तर दुसरा मार्गच फार थोडा उरतो. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईचे कोणतेही चित्रण असणे शक्य नाही. तिथे आधार आहे तो पत्रांचा, बखरींचा आणि अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताच्या फार्सी वृत्तांताचा. अशा माहितीपटाची कसोटी वेगळी आहे. घोडे किती दाखवले यापेक्षा, समोर दिसणारा तपशील कोणत्या साधनातून घेतला हे तो सांगतो का, हे पाहावे. ‘काशीराज लिहितो’ असे निवेदक म्हणाला आणि काशीराज त्या दिवशी विरुद्ध बाजूच्या छावणीत होता हेही त्याने सांगितले, तर तो माहितीपट प्रेक्षकाला प्रौढ समजतो. विश्वासराव पडल्यानंतर भाऊसाहेबांच्या मनात काय आले, हे तो ठामपणे सांगू लागला की आपण इतिहास सोडून नाटकात शिरलो, अशी नोंद करावी.

अस्सल फिल्म आणि नटांची दृश्ये यांत फरक कळू न देणे हा मात्र गंभीर दोष आहे. हल्ली नव्याने केलेल्या चित्रणावर मुद्दाम ओरखडे आणि थरथर घालून ते जुने भासवले जाते. त्याच्या कोपऱ्यात खुलासा नसेल तर त्या माहितीपटाच्या इतर दाव्यांकडेही सावधपणे पाहावे.

तिसरी पायरी: प्रत्येक अस्सल दृश्याला विचारा, कॅमेरा कुठे होता?

इथे सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण ‘अस्सल फिल्म’ हा शिक्का प्रेक्षकाला सर्वांत लवकर निःशंक करतो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईवर १९१६ साली ब्रिटनमध्ये एक चित्रपट प्रदर्शित झाला. जेफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅकडॉवेल या दोन छायाचित्रकारांनी तो टिपला होता. त्यात हॉथॉर्न रिजखाली पेरलेल्या सुरुंगाचा १ जुलैच्या सकाळचा स्फोट आहे आणि तो पूर्णपणे खरा आहे. त्याच चित्रपटात सैनिक खंदकातून वर चढतात, दोघे-तिघे कोसळतात आणि बाकीचे धुरात नाहीसे होतात, असे एक दृश्य आहे. पहिल्या महायुद्धावरच्या असंख्य माहितीपटांत ते वापरले गेले आहे, आणि ते आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी करवून घेतलेले आहे. पाठीवर पुरेसे सामान नसलेले सैनिक, उथळ खंदक, आणि खऱ्या हल्ल्यात छायाचित्रकार जिथे क्षणभरही जिवंत राहिला नसता अशा जागी शांतपणे उभा असलेला कॅमेरा, या खुणा एकदा कळल्या की पुन्हा चुकत नाहीत. एकाच चित्रपटात खरे आणि रचलेले दृश्य शेजारी शेजारी असू शकते, म्हणून संपूर्ण फिल्मवर एकच निकाल देता येत नाही. दृश्यागणिक निकाल द्यावा लागतो.

कॅमेरा शत्रूच्या बाजूला असून आपल्याकडे धावत येणारे सैनिक टिपत असेल, तोफगोळा पडण्याआधीच नेमक्या त्या जागेवर रोखलेला असेल, किंवा एकच कृती लागोपाठ दोन-तीन कोनांतून दिसत असेल, तर शंका घ्यावी. स्टालिनग्राडला वेढा घालणाऱ्या सोव्हिएत फौजांची दोन टोके २३ नोव्हेंबर १९४२ रोजी कलाचजवळ एकमेकांना भिडली. सैनिक बर्फातून धावत येऊन एकमेकांना कवटाळतात, ते सर्वपरिचित चित्रण मात्र नंतर कॅमेऱ्यासाठी करवून घेतलेले आहे. घटना खरी, तिचे चित्र रचलेले. उत्तम माहितीपट हे एका वाक्यात सांगून मोकळा होतो आणि त्याने त्याचे काहीही बिघडत नाही.

यापुढचा प्रश्न अधिक खोल जातो: कॅमेरा कोणाच्या हातात होता? १९४१ च्या रशियावरील स्वारीची आपण पाहतो ती बरीचशी फिल्म जर्मन प्रचारपथकांनी घेतलेली आहे. त्यांना दाखवायचे होते ते रणगाडे, मोटारसायकली आणि धुरळा उडवत पुढे जाणारी यांत्रिक फौज. वस्तुस्थिती अशी होती की त्या स्वारीत जर्मनांनी सहा लाखांहून अधिक घोडे नेले होते आणि पायदळाचा मोठा भाग चालतच गेला. प्रचारखात्याने आखलेली ती चौकट आजचे माहितीपट जशीच्या तशी वापरतात, तेव्हा नाझींनी स्वतःविषयी निर्माण केलेली प्रतिमाच नकळत पुढे चालू राहते. वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत मे १९४२ मध्ये नाझी पथकाने घेतलेल्या फिल्मची गोष्ट तर अधिक वेदनादायक आहे. सुस्थितीतले ज्यू रस्त्यावरच्या भुकेल्यांकडे पाठ फिरवून जातात, अशी दृश्ये त्यात बळजबरीने करवून घेतली होती. युद्धानंतर अनेक वर्षे ती वस्तीचे प्रामाणिक चित्रण म्हणून वापरली गेली. १९९८ साली सापडलेल्या उरलेल्या रिळात तेच दृश्य पुन्हा पुन्हा घेतल्याचे दिसते. त्या माणसांची उपासमार खरी होती, तिच्याभोवती रचलेली कथा खोटी होती, आणि हा भेद न सांगता ती फिल्म दाखवणे म्हणजे बळी पडलेल्यांवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

काही तांत्रिक खुणा घरबसल्या तपासता येतात. जर्मनांचा टायगर रणगाडा प्रथम १९४२ च्या उत्तरार्धात लढाईत उतरला आणि सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचा ८५ मिलिमीटर तोफेचा प्रकार १९४४ मध्ये आला. १९४१ च्या निवेदनावर यांतला कोणताही दिसला तर दृश्य दुसऱ्याच वर्षाचे आहे. त्या काळच्या बहुतेक रायफलींचा गोळी भरताना ओढायचा दांडा (बोल्ट) उजव्या बाजूला असतो; सगळ्याच सैनिकांच्या हातात तो डावीकडे दिसू लागला तर चित्र आरशातल्यासारखे उलटवले आहे. नकाशावरच्या बाणाच्या दिशेशी जुळावे म्हणून संकलक असे करतात.

आवाजाविषयी तर जवळजवळ नियमच सांगता येतो. पहिल्या महायुद्धाची फिल्म मूक आहे आणि दुसऱ्या महायुद्धातील रणभूमीवरचे बहुतांश चित्रणही आवाजाविना घेतलेले आहे. तोफांचा गडगडाट आणि रणगाड्यांची घरघर नंतर घातलेली असते. पडताळा सोपा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर दूरच्या स्फोटाचा आवाज झोत दिसल्यावर सुमारे तीन सेकंदांनी यायला हवा. पडद्यावर दोन्ही एकदम आले तर आवाज संकलनाच्या खोलीतला आहे. रंगांचेही तसेच. पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली इम्पीरियल वॉर म्युझियममधील पहिल्या महायुद्धाच्या फिल्मची गती सुधारून तिच्यात रंग भरले आणि ओठांच्या हालचाली वाचून संवादही घातले. त्यामुळे ती माणसे आपल्या जवळ येतात, हे मी मनापासून मान्य करतो. तरीही गणवेशाचा अभ्यास करून भरलेला रंग हा अभ्यासपूर्ण अंदाजच असतो आणि मूळ कृष्णधवल फिल्म हाच पुरावा असतो, याचा विसर पडू देऊ नये.

कारगिलच्या बाबतीत ही पायरी वेगळ्या कारणाने आवश्यक आहे. त्या युद्धाची दृश्ये घरोघरी पोहोचली, पण ती प्रामुख्याने द्रासच्या रस्त्यावरून धडाडणाऱ्या बोफोर्स तोफांची, वाहनांच्या रांगांची आणि शिखरावर तिरंगा फडकवणाऱ्या जवानांची आहेत. शिखरांवरचे हल्ले मुख्यतः रात्री झाले. टायगर हिलवरची चढाई ३ जुलैच्या रात्री सुरू झाली. त्या अंधारात, त्या कड्यांवर दूरचित्रवाणीचा कॅमेरा नव्हता. म्हणून या चढाईचे जे काही माहितीपटात दिसते ते पुनर्रचित असते किंवा दुसऱ्या वेळचे असते, आणि खरा आधार उरतो तो वाचलेल्या जवानांच्या शब्दांचा.

स्थिरचित्रांविषयी थोडक्यात. अमेरिकन यादवीवरची ‘द सिव्हिल वॉर’ ही केन बर्न्स यांची १९९० सालची मालिका छायाचित्रांवरून कॅमेरा हळूहळू फिरवत आणि पत्रे वाचत उभी राहिली, कारण त्या युद्धाची चलत्‌फिल्म असणे शक्यच नव्हते. मात्र छायाचित्रही रचलेले असू शकते. गेटिसबर्ग येथे १८६३ साली घेतलेल्या एका नामांकित छायाचित्रासाठी मृत सैनिकाचा देह दुसऱ्या जागी नेऊन, शेजारी बंदूक ठेवून मांडला होता, हे अभ्यासकांनी शंभरहून अधिक वर्षांनी सिद्ध केले.

चौथी पायरी: साक्षीदाराची उलटतपासणी

मुलाखत हा युद्धमाहितीपटाचा प्राण आहे, म्हणून तिला तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस घटनेच्या वेळी नेमका कुठे होता? तिथून त्याला काय दिसू शकत होते? आणि आज हे सांगण्यात त्याचा काय लाभ किंवा तोटा आहे?

हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर ‘द वर्ल्ड ॲट वॉर’मध्ये वारंवार दिसतो. सुसंस्कृत, मृदुभाषी, पश्चात्तापदग्ध असे त्याचे रूप होते आणि ज्यूंच्या संहाराची आपल्याला कल्पना नव्हती, ही भूमिका त्याने वीस वर्षांच्या कैदेनंतरही सोडली नाही. हिमलरने ६ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझनान येथे संहाराची उघड वाच्यता केली, तेव्हा आपण उपस्थित होतो, असे त्यानेच १९७१ साली एका खासगी पत्रात लिहिल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. वर उल्लेखलेला वोल्फही १९६४ मध्ये ज्यूंना संहारछावणीत पाठवण्यातील सहभागाबद्दल जर्मन न्यायालयात दोषी ठरलेला होता. असे साक्षीदार घेऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे जे होते ते इतर कोणाकडे नव्हते. पण पडद्यावर त्यांच्या नावाखाली केवळ पद लिहिलेले असेल, तर त्यांचा पूर्वेतिहास आपण स्वतः शोधून वहीत लिहावा.

सामान्य सैनिकाची साक्ष वेगळ्या रीतीने ऐकावी. आपल्या भोवतालच्या पन्नास पावलांत काय घडले, हे तो बहुधा उत्तम सांगतो: थंडी, तहान, शेजारी पडलेला मित्र, आदेशातला गोंधळ. तारखा, संख्या आणि संपूर्ण लढाईचा आलेख यांसाठी त्याच्यावर विसंबू नये. दोन प्रामाणिक साक्षी परस्परांशी न जुळणेही शक्य असते. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवालाच्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या २३ पंजाबच्या तुकडीने पाकिस्तानी रणगाड्यांना रोखून धरले आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी त्यांचा संहार केला. विजयाचे श्रेय भूदलाचे किती आणि वायुदलाचे किती, यावर पुढे निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये जाहीर वाद झाले. या लढाईवरच्या माहितीपटात केवळ एकाच दलाचे अधिकारी बोलत असतील, तर तो अपुरा आहे.

इथे एक व्यावहारिक सूचना. हिंदी किंवा मराठी डबिंग असेल तर मुलाखतींसाठी मूळ आवाज आणि खाली मजकूर हा पर्याय निवडावा, भाषा कळत नसली तरीही. साक्षीदार कुठे अडखळला, कोणत्या नावापाशी थांबला, हे डबिंगच्या सफाईदार आवाजाखाली पूर्णपणे दबते.

पाचवी पायरी: आकडे आणि विशेषणे वेगळी काढा

निवेदनातला प्रत्येक मोठा आकडा वहीत उतरवावा आणि त्यात कोणकोण मोजले आहे, असा प्रश्न करावा. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जनरल नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल अरोरा यांच्यासमोर शरणागती पत्करली, तेव्हा ‘९३,००० सैनिक’ शरण आले, असे आपण नेहमी ऐकतो. हा आकडा सर्व युद्धकैद्यांचा आहे आणि त्यात निमलष्करी दले, पोलीस आणि नागरीही होते. विजयाची भव्यता त्याने कमी होत नाही, वाक्य मात्र दुरुस्त होते. फेब्रुवारी १९४५ मधील जर्मनीच्या ड्रेस्डेन शहरावरच्या बॉम्बवर्षावात लाखाहून अधिक, क्वचित दोन लाख माणसे मेल्याचे जुन्या निवेदनांत ऐकू येते. त्यामागे नाझी प्रचाराचाही हात होता. त्या शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये हा आकडा जास्तीत जास्त २५,००० असल्याचा निष्कर्ष काढला. उलट दिशेचे उदाहरण आपल्या घरचे आहे: १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातील मृत्यूंचा तत्कालीन सरकारी चौकशी आयोगाचा अंदाज सुमारे १५ लाखांचा होता, तर नंतरच्या अभ्यासकांनी तो सुमारे ३० लाखांपर्यंत नेला आहे.

‘निर्णायक’, ‘अभेद्य’, ‘इतिहासात प्रथमच’ अशी विशेषणे खोडून वाक्य पुन्हा वाचावे. काही उरले तर ते विधान, नाही तर सजावट.

सहावी पायरी: काय नाही, ते शोधा

‘द वर्ल्ड ॲट वॉर’विषयी मला कितीही आदर असला तरी तिच्या २६ भागांत ब्रह्मदेशाच्या आघाडीला एक भाग मिळाला, तर भारताला किंवा चीनला स्वतंत्र भाग मिळालाच नाही, हे सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेनेत सुमारे २५ लाख माणसे होती आणि त्यांतली कोणीही सक्तीने भरती झालेली नव्हती. इटलीच्या मोहिमेवरचे माहितीपट अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिकांभोवती फिरतात; टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी व्हिक्टोरिया क्रॉसच्या मोलाचा पराक्रम करून धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी तोच सन्मान मिळवणारे शिपाई नामदेव जाधव हे दोघेही मराठा पलटणीचे होते. पहिल्या महायुद्धाचे तर बहुतेक चित्र फ्रान्सच्या चिखलात रुतलेले असते. आजच्या इराकमधील, टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा येथे पाच महिने वेढ्यात राहून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आलेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जात होती आणि तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. वेढ्यातली उपासमार आणि नंतरच्या कैदेतले मृत्यू यांची कहाणी पडद्यावर फार क्वचित येते.

ही उणीव शोधण्यासाठी साधी रीत वापरावी. माहितीपटात बोललेल्या माणसांची यादी करून प्रत्येकापुढे त्याचा देश, हुद्दा आणि तो लढणारा होता की नागरिक, हे लिहावे. दोन्ही बाजूंची माणसे आहेत का, स्त्रिया आहेत का, ज्यांच्या जमिनीवर युद्ध झाले त्या गावकऱ्यांपैकी कोणी आहे का, हे मग आपोआप दिसते.

सातवी पायरी: वेळ कशावर घालवायचा, ते ठरवा

प्रत्येक जाहिरातीनंतर आधीचेच सांगणारा, ‘कदाचित’ आणि ‘असे मानले जाते’ या शब्दांवर तासभर उभा असलेला, नाझींच्या गुप्त शस्त्रांच्या आणि दडवलेल्या सोन्याच्या मागे धावणारा कार्यक्रम वरील कसोट्या लावण्याच्याही लायकीचा नसतो. दहा मिनिटांत बंद करावा. युद्धसामग्रीवरचे चांगले कार्यक्रम मात्र उपयोगी असतात, कारण त्यांच्यामुळे तिसऱ्या पायरीतल्या खुणा ओळखण्याची नजर तयार होते.

मुलांबरोबर पाहताना संहाराच्या दृश्यांचे भाग आधी स्वतः पाहून घ्यावेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना कॅमेरा कुठे होता हा प्रश्न विचारायला फार आवडते आणि ती मोठ्यांच्या आधी खोटे दृश्य पकडतात. त्यांच्यासाठी लांबलचक मालिकेऐवजी एकच भाग निवडून तो दोनदा दाखवणे अधिक फलदायी ठरते.

आठवी पायरी: पाहिल्यानंतरचे काम

वहीतून तीन विधाने निवडावीत: एक आकडा, एक दृश्य आणि एक साक्ष. आकडा अधिकृत अहवालाशी किंवा मान्यवर इतिहासग्रंथाशी ताडून पाहावा. दृश्यासाठी इम्पीरियल वॉर म्युझियमसारख्या संस्थांची संकेतस्थळे पाहावीत. तिथे अनेक फिल्मचे वर्णन, तारीख आणि कोणते दृश्य रचलेले असावे याचा शेरा मिळतो. साक्ष विरुद्ध बाजूच्या एखाद्या आठवणीशी जुळवावी. तीनही टिकली तर उरलेल्या माहितीपटावर बऱ्यापैकी विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन कोसळली तर त्यातले काहीही पुढे कोणाला सांगू नये.

सातारा, कोल्हापूर, रायगड, बेळगाव या पट्ट्यात आजही असे घर शोधावे लागत नाही, ज्यातून कोणी १९६५, १९७१ किंवा १९९९ च्या रणात गेले होते. आपल्या माहितीतले असे निवृत्त जवान असतील तर त्यांच्या परवानगीने त्यांचे कथन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. सुरुवातीला त्यांचे नाव, पलटण, हुद्दा, गाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख त्यांच्याच आवाजात घ्यावी. ‘कसे वाटले?’ असे विचारण्याऐवजी ‘त्या रात्री तुम्ही कुठे उभे होता, शेजारी कोण होते, काय दिसत होते, जेवण कधी मिळाले?’ असे विचारावे. मध्ये दुरुस्ती करू नये. तारीख चुकली तर ती तशीच राहू द्यावी आणि खुलासा वेगळ्या कागदावर लिहावा. जुनी पत्रे, पदके किंवा छायाचित्रे असतील तर त्यांचे मागचे-पुढचे दोन्ही फोटो काढावेत. मूळ ध्वनिमुद्रण काटछाट न करता दोन ठिकाणी जपून ठेवावे आणि त्याची एक प्रत त्या कुटुंबाला द्यावी.